चूक, त्रुटी की हलगर्जीपणा?

प्रश्न असा आहे : रुग्णालयातल्या सुरक्षेवरच्या प्रशिक्षण पुस्तिकेचं मराठीकरण चालू आहे. ‘मेडिकल एरर’ला ‘वैद्यकीय हलगर्जीपणा’ म्हणावं का? आणि ‘सिस्टिम’ला यंत्रणा म्हणावं की प्रणाली?

‘हलगर्जीपणा’ अजिबात नको. हलगर्जीपणा, निष्काळजीपणा, बेपर्वाई, हयगय हे सगळे शब्द काय घडलं ते सांगत नाहीत, माणसाच्या वृत्तीवर निकाल देतात. त्यातला ‘हयगय’ तर फौजदारी कायद्याच्या मराठीतला आहे. जुन्या दंड संहितेचं कलम ३०४-अ, म्हणजे आताच्या न्याय संहितेचं १०६, त्याच शब्दावर उभं आहे. असे शब्द चुका नोंदवायच्या फॉर्मवर दिसले की सिस्टर जबाब दिल्यासारखं लिहिते, किंवा लिहीतच नाही. शिवाय कारण ‘निष्काळजीपणा’ ठरलं तर उपाय ‘काळजी घ्या’ एवढाच उरतो, आणि तो पुरत नाही. व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध शिरेतून द्यायचं असतं, मणक्यातून गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव जातो. सिरिंजवर इशारे छापूनही असे प्रसंग घडत राहिले. म्हणून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीत पातळ करून द्या. ती पिशवी मणक्याच्या सुईला कुणी जोडायला जात नाही.

‘चूक’ चालेल. या शब्दाच्या मुळाशी दोष नाही, नेम हुकणं आहे : बस चुकते, वाट चुकते, जत्रेत चुकामूक होते. करायचं एक होतं, झालं दुसरं, एवढंच तो सांगतो. पण क्रियापद जपून निवडा. ‘चूक केली’ म्हटलं की बोट माणसाकडे जातं. ‘चूक झाली’ अनेकांना पळवाट वाटते, पण त्यावर ‘कशी झाली?’ हा प्रश्न आपोआप येतो, आणि आपल्याला तोच हवा आहे.

‘त्रुटी’ वेगळी. मूळ धातू त्रुट्, आपल्या ‘तुटणे’चा सख्खा. कचेरीत ‘अर्जातल्या त्रुटींची पूर्तता करा’ म्हणतात तेव्हा अर्जदाराच्या स्वभावाविषयी कुणी बोलत नाही, काहीतरी राहिलंय ते भरा म्हणतात. म्हणून माझा आग्रह असा : हातून होते ती चूक, मांडणीत असते ती त्रुटी.

उदाहरण घ्या. इंजेक्शन पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं होतं, हाती पोटॅशियम क्लोराइड आलं. ही चूक. दोन्ही अँप्युल (औषधाच्या छोट्या बंद कुप्या) १० मिलिलिटरच्या, दोन्हींतलं द्रव पाण्यासारखं, अक्षरं बारीक, आणि दोन्ही एकाच ट्रेमध्ये, ही त्रुटी. १५ टक्क्यांच्या त्या एका अँप्युलमध्ये साधारण २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. ते पातळ न करता झटकन शिरेत गेलं तर हृदय थांबतं. सिस्टरला मेमो दिला तरी ट्रे तसाच राहतो आणि पुढच्या पाळीत दुसरा हात तिथेच जातो. पूर्तता म्हणजे या अँप्युल वॉर्डातून काढून फार्मसीत ठेवणं आणि वॉर्डात आधीच पातळ केलेली बाटली पाठवणं. आयसीयूत ठेवाव्याच लागल्या तर वेगळ्या, कुलुपाच्या कप्प्यात.

फॉर्मवर दोन्ही शब्दांना स्वतंत्र रकाने द्या, आणि त्रुटीचा रकाना मोठा ठेवा. एकाच चुकीमागे तीन-चार त्रुटी सहज निघतात.

‘सिस्टिम’साठी ‘व्यवस्था’ घ्या. ‘यंत्रणा’ म्हटलं की वाचकाला सरकार किंवा तपास आठवतो, ‘प्रणाली’ने संगणक. लग्नातल्या जेवणाच्या व्यवस्थेत मात्र आचारी, भांडी, पंगतींच्या वेळा आणि वाढप्यांची संख्या हे सगळं येतं. वॉर्डातही माणसं, वस्तू, जागा, वेळ एकमेकांत अडकलेली असतात.

राहिला ‘निअर मिस’, म्हणजे चूक होऊनही रुग्णाला इजा झाली नाही असा प्रसंग. ‘टळलेली चूक’ लिहू नका. वरच्या उदाहरणात चुकीची अँप्युल उचलली गेली आणि दुसऱ्या सिस्टरने लेबल वाचून थांबवलं, तर चूक झालीच, इजा टळली. ‘थोडक्यात बचावला’मध्ये सगळं श्रेय नशिबाला जातं. ‘टळलेली इजा’ म्हणा आणि शेजारी ‘कशामुळे टळली?’ असा रकाना ठेवा.