वाचकांचे प्रश्न: एका संख्येची १०,२५७ पाने

प्रश्न: सीताबर्डीला माझे झेरॉक्स आणि प्रिंटिंगचे दुकान आहे. मागच्या महिन्यात अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी पेन ड्राइव्ह घेऊन आला आणि त्यातल्या एका फाइलची पहिली पाच आणि शेवटची पाच पाने तेवढी काढून द्या, असे म्हणाला. फाइल उघडली तर नुसते आकडे! एका पानावर ८० अंकांच्या ५० ओळी, अशी १०,२५७ पाने, आणि शेवटच्या पानावर जेमतेम चार ओळी. हे सगळे मिळून एकच मूळ संख्या आहे, असे तो सांगत होता. एवढे अंक मोजले कोणी, ते बरोबर आहेत हे कशावरून, आणि मध्येच एखादा अंक चुकीचा पडला तर ते कोणाला कळणार?
— एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

उत्तर: पानांचा तपशील आपण नेमका दिलात, हे बरे झाले. १०,२५६ पूर्ण पानांवर प्रत्येकी ४,००० आणि शेवटच्या पानावर ३२०, असे एकूण ४,१०,२४,३२० अंक होतात आणि एवढ्यावरून संख्येची ओळख पटते. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात करून त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. ‘गिम्प्स’ या संगणकीय शोधमोहिमेत ल्यूक ड्युरंट यांना ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली, आणि त्या वेळी ज्ञात असलेल्या मूळ संख्यांमध्ये ती सर्वांत मोठी ठरली.

अंक मोजण्यासाठी संख्या लिहून काढावी लागत नाही. त्यासाठी लॉगॅरिदम पुरतो. २ चा लॉग घातांकाने गुणावा, येणाऱ्या उत्तराच्या पूर्णांकात १ मिळवावा, की अंकांची संख्या मिळते. शेवटी १ वजा केल्याने ती बदलत नाही, कारण २ च्या कोणत्याही घाताच्या शेवटी शून्य येत नाही. मात्र येथे शाळेतले चार स्थळांचे लॉगटेबल कामाचे नाही. त्यातील ०.३०१० ही किंमत वापरली तर अंक ४,१०,२०,२३३ येतात, म्हणजे ४,०८७ अंक कमी पडतात आणि आपल्या हिशेबाने एका पानाहून थोडे अधिक गहाळ होते! बारा स्थळांपर्यंतची किंमत, म्हणजे ०.३०१०२९९९५६६४, घेतली की गुणाकार ४,१०,२४,३१९.९४५३ येतो. पूर्णांकात १ मिळवून अंकांची संख्या नेमकी जुळते, आणि उरलेल्या ०.९४५३ या अपूर्णांकाचा अँटिलॉग ८.८१ च्या थोडा पुढे येत असल्याने संख्येची सुरुवात ८८१ ने होते, हेही त्याच ओळीत कळते. दुकानात त्या पानांची एखादी प्रत उरली असेल, तर पहिल्या पानाचा डावा कोपरा अवश्य पाहावा.

शेवटची बाजू त्याहून सोपी आहे. २ च्या घातांचे शेवटचे तीन अंक (अगदी सुरुवातीचे दोन घात सोडले तर) दर १०० घातांनी पुन्हा तेच येतात. आपल्या घातांकाच्या शेवटी ४१ आहे, आणि २ चा ४१ वा घात २१९९०२३२५५५५२ आहे. म्हणून मोठ्या घाताच्या शेवटीही ५५२ येणार, आणि १ वजा केल्यावर शेवटच्या पानावरची चौथी ओळ ५५१ ने संपणार. मधले कोट्यवधी अंक मात्र संगणकाकडूनच घ्यावे लागतात.

आता छपाईच्या चुकीविषयी. ९ ने भागल्यावर २ च्या घातांची बाकी २, ४, ८, ७, ५, १ या क्रमाने फिरत राहते. आपल्या घातांकाला ६ ने भागल्यास ५ उरतात, म्हणून मोठ्या घाताची बाकी ५ आणि त्यातून १ गेल्यावर ४. याचा अर्थ असा की सर्व १०,२५७ पानांवरच्या अंकांची बेरीज केली, त्या बेरजेतील अंकांची पुन्हा बेरीज केली, आणि एकच अंक उरेपर्यंत हे चालू ठेवले, तर शेवटी ४ उरलेच पाहिजेत. २ च्या ५ व्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या ३१ या छोट्या संख्येतही ३ आणि १ मिळून ४ च होतात. कोठे एकच अंक चुकला असेल, तर हा ताळा बिघडतो. अपवाद फक्त ० च्या जागी ९ किंवा ९ च्या जागी ० पडल्याचा. ती चूक ११ च्या कसोटीत सापडते, कारण उजवीकडून एकाआड एक अंक अधिक आणि उणे धरून आलेल्या बेरजेला ११ ने भागल्यावर बाकी १ यायला हवी. अर्थात चूक आहे एवढेच यातून कळते. ती कोणत्या पानावर आहे, ते कळत नाही.

चुकून पडलेल्या अंकामुळे दुसरीच एखादी मूळ संख्या तयार होण्याची भीती जवळपास नाही. या आकाराच्या संख्यांमध्ये सरासरीने सुमारे ९ कोटी ४५ लाख संख्यांमागे एकच मूळ असते. (लहान संख्यांमध्येही असा नमुना आहे: २९४००१ ही मूळ संख्या आहे, आणि तिचा कोणताही एक अंक बदलला तरी ती मूळ राहत नाही. अशा संख्यांत ती सर्वांत लहान आहे.)

संख्या मूळ आहे हे मात्र या पानांकडे पाहून ठरत नाही. शेवटचा अंक सम किंवा ५ नाही, अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जात नाही, एवढे पाहून झाले की अंकांचा उपयोग जवळजवळ संपतो. पुढचे काम ल्यूका-लेमर कसोटी करते. ४ पासून सुरुवात करावी. प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करावेत आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवावी. ३१ साठी ४ वरून १४, १४ वरून १९४ म्हणजे बाकी ८, आणि ८ वरून ६२ म्हणजे बाकी ०. घातांकाहून दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आले, म्हणून ३१ मूळ. आपल्या संख्येसाठी अशा १३,६२,७९,८३९ पायऱ्या लागतात. हे सारे गणित संगणक द्विमान पद्धतीत करतो, आणि त्या पद्धतीत ही संख्या म्हणजे एकापुढे एक मांडलेले १३,६२,७९,८४१ एक्के! विद्यार्थ्याने ती तशीच छापायला आणली असती, तर आपल्या मापाने ३४,०७० पाने झाली असती, आणि प्रूफ तपासायला कोणतीही कसोटी लागली नसती.

प्रश्न: आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत सगळे अंक १ असलेली मूळ संख्या असते का? नातीने विचारले, मला ११ च्या पुढे सांगता आले नाही.
— एक आजोबा, महाल, नागपूर

उत्तर: असते, पण फार विरळ. अशा संख्येत एक्के किती आहेत, तो आकडा स्वतः मूळ असावाच लागतो. चार एक्के असतील तर ११ ने भाग जातो, सहा असतील तर १११ ने. परंतु एवढ्याने भागत नाही. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, ११११ नंतरची पाच एक्क्यांची ११,१११ म्हणजे ४१ गुणिले २७१, आणि सात एक्क्यांची संख्या म्हणजे २३९ गुणिले ४,६४९. दोन एक्क्यांनंतर थेट १९ एक्क्यांची संख्या मूळ निघते, त्यानंतर २३, मग एकदम ३१७ आणि पुढे १,०३१ एक्क्यांची. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांना या एक्क्यांच्या वर्गांचा नाद होता: १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१. त्यांना त्यांनी ‘डेम्लो’ संख्या म्हटले, आणि हे नाव त्यांनी घेतले होते ते मुंबईजवळच्या डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. नातीला नऊ एक्क्यांचा वर्ग कागदावर करायला सांगावे.