ब्रेक लागतो, पण सुटत नाही

दुचाकी सल्ला : वाचकांचे प्रश्न

या वेळचे चारही प्रश्न ठाण्याच्या खाडीच्या अलीकडून-पलीकडून आलेले आहेत आणि चौघांचं दुखणं जवळपास एकच आहे. दमट, खारट हवा आणि तासन्‌तास उभी राहणारी गाडी यामुळे ब्रेकचे सरकणारे भाग हळूहळू जागेवर बसतात. लागताना जोर आपल्या हाताचा किंवा पायाचा असतो, म्हणून ब्रेक लागतो. सुटताना मात्र सगळी भिस्त एका स्प्रिंगवर किंवा रबराच्या सीलवर असते. त्यामुळे गंज आधी तिथे जाणवतो.

प्रश्न : माझ्याकडे २०१६ ची १५० सीसी मोटरसायकल आहे, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला की पुढचा डिस्क ब्रेक धरायला लागतो. लिव्हर दगडासारखी कडक होते, गाडी ढकलवत नाही. पंधरा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा ठीक. मेकॅनिकने पॅड घासून दिले, पण दोन आठवड्यांत पुन्हा तेच. कॅलिपर बदलू का?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : घाईने कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) बदलू नका. तापल्यावर धरतो, निवल्यावर सोडतो आणि लिव्हर कडक होते, या तिन्ही खुणा एकत्र आल्या की पहिला संशय मास्टर सिलिंडरवर, म्हणजे हँडलवर लिव्हरजवळ असलेल्या ब्रेक ऑइलच्या पंपावर घ्यायचा. ब्रेक ऑइल तापून फुगतं, त्याला पंपावरच्या ऑइलच्या टाकीत परत जायला वाट मिळत नाही आणि ते पिस्टनला पॅडवर दाबून धरतं. पॅड घासल्याने थोडी जागा मिळाली, एवढंच.

तपासणी ब्रेक धरलेला असतानाच करायची, निवल्यावर काही सापडत नाही. पुढचं चाक अधांतरी राहील असा टेकू द्या. डिस्कला हात लावू नका, ती पोळते. कॅलिपरच्या ब्लीडर निपलवर (हवा-ऑइल बाहेर सोडायच्या छोट्या बोल्टवर) रिंग पाना (बहुतेक गाड्यांना ८ चा) चढवून त्यावर पारदर्शक नळी बसवा, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल पाव फेरा सैल करून लगेच बंद करा. पिचकारी उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडला होता. निपल सोडूनही चाक घट्टच राहिलं, तर दोष खाली, पिस्टनमध्ये किंवा स्लाइड पिनमध्ये (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन) आहे. त्याचा इलाज पुढच्या उत्तरात आहे.

दाब कोंडला होता असं निघालं, तर पुढच्या वेळी ब्रेक धरल्यावर निपल न सोडता वर मास्टर सिलिंडरवरचा होजचा (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीचा) बोल्ट थोडा सैल करा. खाली जाड फडकं धरा, कारण ब्रेक ऑइल पेट्रोलच्या टाकीचा रंग उतरवतं. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा. इथे चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरचा. इथे सुटलं नाही आणि खाली निपल सोडताच सुटलं, तर होज आतून सुजलेला आहे. हाताच्या जोराने ऑइल त्यातून खाली जातं, परत मात्र येत नाही. बाहेरून असा होज अगदी चांगला दिसतो. रबरी होज ४ वर्षांनी बदला असं अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये असतं, आणि तुमचा मूळचाच असेल तर तो तसाही बदलायला झाला आहे.

मास्टर सिलिंडर उघडण्याआधी लिव्हर बघा. पिस्टनला टेकेपर्यंत तिला किंचित मोकळी हालचाल हवी. बाजारातली दुसरी लिव्हर बसवली असेल आणि तिचं नाक पिस्टनला सतत दाबत असेल, तर ऑइल टाकीत परत जाण्याचं छिद्र कायम झाकलेलं राहतं. अशा वेळी कंपनीची लिव्हर लावली की काम होतं. तिथे ठीक असेल तर ऑइलच्या टाकीचं झाकण काढा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर तेही कारण असू शकतं, कारण फुगायला जागाच उरत नाही. टाकीच्या तळाशी दोन छिद्रं दिसतील, एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं. परतीची वाट ते बारीक छिद्र. लिव्हर अगदी हलकी दाबताना त्यातून छोटा फवारा किंवा लाट वर आली पाहिजे (डोळे जपा). काहीच आलं नाही तर ते जुन्या ऑइलच्या साक्याने बुजलं आहे. वायरमधली तांब्याची एकच तार घालून ते मोकळं करा. टाचणी किंवा ड्रिल घालून छिद्र मोठं केलं तर मास्टर सिलिंडर वाया जातो. त्यानंतर पिस्टन-वॉशरचं नवं किट टाका आणि सगळं ऑइल बदला. साका एका जागी दिसला म्हणजे बाकी ठिकाणीही असतोच.

ऑइल झाकणावर लिहिलेलंच घ्या, बहुधा डॉट ४ असतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. हे ऑइल हवेतलं बाष्प पितं आणि ठाण्याच्या पावसाळ्यात त्याला बाष्प कमी पडत नाही. म्हणून दर २ वर्षांनी बदला आणि गॅरेजमधली उघडी पडलेली बाटली वापरू देऊ नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

प्रश्न : गाडी चार महिने बिल्डिंगखाली उभी होती. आता पुढचं चाक हाताने जेमतेम फिरतं. कॅलिपर काढला तर पिस्टन आत सरकत नाही. पक्कडीने फिरवून काढ आणि पॉलिश पेपर मार, असं सांगतात. करू का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नको. पिस्टनवरचा क्रोमचा थर म्हणजे सील बसण्याची जागा. पक्कडीचा एक ओरखडा गेला की तिथून ऑइल झिरपतं आणि पाणी आत शिरतं.

पिस्टन सुटतो कसा हे कळलं की दुरुस्ती कळते. त्याला मागे ओढायला स्प्रिंग नसते. चौकोनी छेदाचं सील पिस्टनबरोबर किंचित पुढे वाकतं आणि लिव्हर सोडली की सरळ होताना त्याला मिलिमीटरचा दहावा हिस्सा मागे घेतं. खाऱ्या हवेत कॅलिपरचं ॲल्युमिनियम सीलच्या खाचेत पांढऱ्या भुकटीसारखं फुलतं, सीलला मागून रेटतं आणि पिस्टन आवळला जातो. म्हणून पिस्टन चकचकीत करून खाच तशीच ठेवली, तर महिन्याभरात गाडी पुन्हा गॅरेजमध्ये येते.

पॅड पिन कॅलिपर फोर्कवर असतानाच सैल करून घ्या, सुटा कॅलिपर हातात धरून ती निघत नाही. कॅलिपर उतरवा, पॅड काढा, पण होज लगेच सोडू नका. ब्रेकचाच दाब पिस्टन बाहेर काढायला सर्वांत चांगला. समोर लाकडाची पट्टी धरून लिव्हर हळूहळू दाबत राहा. दोन पिस्टन असतील आणि एकच हलत असेल, तर हलणारा दाबून धरा म्हणजे दुसऱ्यावर जोर येईल. पिस्टन जवळजवळ बाहेर आला की होज सोडा आणि उरलेला हाताने काढा. कॉम्प्रेसरची हवा मारणार असाल, तर पिस्टनसमोर बोट कधीच नको. तो गोळीसारखा सुटतो.

आत दोन सील असतात, बाहेरचं धुळीसाठी, आतलं ऑइलसाठी. दोन्ही टाकून द्या. खाच बांबूच्या काडीने किंवा प्लास्टिकच्या टोकाने खरवडून काढा, स्क्रूड्रायव्हर नको. खाचेचा कोपरा कोरा करकरीत दिसेपर्यंत सोडू नका. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवायचा. पिस्टनवरून नख फिरवा. ते कुठे अडकलं तर नवा पिस्टन घ्या, नुसता डाग असेल तर ब्रेक क्लीनरने पुसून चालेल. सीलजवळ पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल आणू नका, रबर सुजतं. नवी सीलं ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवा. मग पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत जायला हवा. हातोडी लागतेय असं वाटलं तर तो तिरका बसतोय.

स्लाइड पिना विसरल्या जातात, आणि एकच पॅड झिजलं असेल तर गुन्हेगार बहुधा त्याच असतात. त्या पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या आणि फाटके बूट बदला. साध्या पिवळ्या ग्रीसने बूट फुगून पिन पुन्हा आवळते. होजच्या बोल्टचे दोन्ही वॉशर नवे घाला. एअर (ऑइलमध्ये शिरलेली हवा) काढताना क्रम एकच : लिव्हर दाबा, निपल उघडा, निपल बंद करा, मगच लिव्हर सोडा. टाकी कधी रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या गाडीत हवा मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात) गेली तर ती काढायला कंपनीचं यंत्र लागतं. डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापाखाली गेलेली नाही ना, हेही याच वेळी मोजून घ्या.

आणि पुढे पॅड बदलताना, बाहेर आलेला मळका पिस्टन तसाच आत ढकलू देऊ नका. दुखण्याची सुरुवात तिथूनच होते. आधी जुन्या टूथब्रशने साफ, मग आत.

प्रश्न : १०० सीसीची गाडी, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यातून काढली. त्या दिवशी मागचा ब्रेक लागेना, दुसऱ्या दिवशी सुटेना. नट सैल केला तरी घासतो.
— एक वाचक, कळवा

उत्तर : ओलं लायनर (ब्रेक शूवरचा, ड्रमला घासणारा थर) घसरतं म्हणून ब्रेक लागला नाही, रात्रभरात ड्रम गंजला आणि लायनर त्याला चिकटलं. पाण्यातून बाहेर आल्यावर दोन-तीनशे मीटर ब्रेक हलका दाबून हळू चालवली असती तर ड्रम बराचसा सुकला असता. पुढच्या वेळी तेवढं जरूर करा.

आता ॲडजस्टर नट पूर्ण काढा, रॉड सोडवा आणि ब्रेक आर्म (रॉड जिला ओढतो ती पट्टी) हाताने ओढून सोडा. ती टपकन मागे आली पाहिजे. आळसावल्यासारखी परतली किंवा तिथेच राहिली, तर कॅम (आर्मबरोबर फिरून शू फाकवणारा दांडा) गंजला आहे. आर्म ठीक आणि चाक घासतंय, तर दोष ड्रमच्या आत आहे. दोन्ही ठीक असतील तर पेडलचा पिव्होट (पेडल ज्यावर फिरतं ती जागा) बघा.

कॅमवर बाहेरून स्प्रे मारून भागत नाही, उलट ते तेल आत लायनरवर उतरतं. चाक काढा. आर्म काढण्याआधी तिच्यावरची आणि कॅमच्या टोकावरची खूण जुळते का बघा. नसेल तर सेंटर पंचने स्वतः करा. दातांवर एक घर इकडेतिकडे झालं की लायनर किती झिजलं हे दाखवणारा बाणही खोटं दाखवतो. दोन्ही शू पुस्तकासारखे मिटत वर उचला, कॅम बाहेर ओढा, ४०० नंबरच्या एमरी पेपरने गंज काढा आणि पॅनेलचं भोकही पुसून घ्या. कॅमच्या दांड्यावर आणि तोंडावर, तसंच समोरच्या पिनवर जास्त तापमान सोसणारं ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं लावा. जास्त लावलं तर ते वितळून लायनरवर येतं. फेल्ट सील तेलात भिजवून परत बसवा, पाणी तीच अडवते.

ड्रममधला गंज १२० नंबरच्या पेपरने काढा, ड्रमचा व्यास आत लिहिलेल्या कमाल मापापुढे गेलेला नाही ना, तेही बघा. भुकटी हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा. शूच्या स्प्रिंगा ढिल्या वाटल्या तर जोडी बदला.

चाक बसवताना एक्सलचा नट घट्ट करण्याआधी पेडल जोरात दाबून धरा आणि तसंच धरून नट आवळा. शू ड्रमच्या मध्यावर येतात आणि एका बाजूने घासणं थांबतं. मागच्या स्टॉपर रॉडची स्प्लिट पिन नवी घाला. पेडलची मोकळी हालचाल बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर ठेवतात.

सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी थेट कॅमवर मारू देऊ नका. गाडी धुवून लगेच उभी करायची असेल, तर आधी एक फेरी मारून ब्रेक सुकवा.

प्रश्न : पावसात सकाळी डिस्कवर लालसर थर दिसतो. डब्ल्यूडी-४० मारलं तर चालेल का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : अजिबात नाही. तो वरवरचा गंज पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये पॅडच पुसून टाकतात. तेल पॅडमध्ये मुरलं तर ब्रेक लागणारच नाही आणि ते पॅड फेकावे लागतील. चुकून उडालंच तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा आणि पॅड नवे टाका, भाजून किंवा घासून ते भरवशाचे होत नाहीत. तेल-ग्रीस द्यायचंच असेल तर लिव्हरच्या आणि पेडलच्या पिव्होटला, तेही पुसून, थोडंसं. ब्रेक सोडल्यावरही मागचा लाल दिवा पेटलेला राहत असेल, तर त्या पेडलचा पिव्होट उघडून आधी साफ करा. दिव्याचा स्विच त्यानंतर हलवा.