शेनिन ब्लांकला थॉमसनची औषधं मारू नका

शेनिन ब्लांक या वाइनच्या द्राक्षावर दिंडोरी आणि निफाड भागातून तीन प्रश्न आलेत. एका भाऊंनी थॉमसन काढून शेनिन लावली, घड फार गच्च येतात म्हणून दुकानदार म्हणतो जीए (जिब्रेलिक अ‍ॅसिड, मणी फुगवायचं संजीवक) मारा, मारू का? दुसऱ्यांच्या मालाची ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, २३ होती, तरी वायनरीनं आम्लता कमी आणि पीएच जास्त म्हणून दर पाडला, चुकलं कुठं? तिसऱ्यांना छाटणीची वेळ आणि ड्रिपचं अनुदान पाहिजे.

जीए नाही म्हणजे नाही. थॉमसन बिनबियांची, खायची, तिथं मणी फुगवायचा असतो. शेनिन बियांची, वाइनची, हिचा मणी लहानच पाहिजे कारण चव आणि वास सालीत असतो, मणी फुगवला की नुसतं पाणी वाढतं. दुकानदार सांगतो घड मोकळा होतो. लांबतो थोडा, खरंय, पण बियांच्या जातीत जीएनं बारीक कच्चे मणी राहतात आणि पुढच्या सालच्या काडीत घडच कमी निघतात, आणि तेव्हा तोच दुकानदार घडनिर्मितीची दुसरी बाटली घेऊन येतो. अशा बागा मी बऱ्याच बघितल्यात.

मग गच्च घडाचं काय करायचं? हातानं काम करायचं. ही जात मुळातच जोमदार, साल पातळ, घड गच्च, पाऊस झाला की आतले मणी एकमेकांवर दाबून फुटतात आणि घड आतून सडतो, वरून मात्र चकाचक दिसतो. घड हातात घ्या, घडाच्या दोन पाकळ्या (बाजूच्या फांद्या) बाजूला करून आत वास घ्या, सिरक्यासारखा आंबूस वास आला आणि चिलटं उडाली की समजा सड सुरू झाली. त्या वेळेला औषध मारून काही होत नाही आणि काढणी जवळ आल्यावर मारूही नका, रेसिड्यू, म्हणजे औषधाचा अंश, निघाला तर सगळाच माल जाईल.

म्हणून माझं एकच सांगणं, मणी सेट झाल्यावर आठ-दहा दिवसांत घडाजवळची पानं काढा, पण फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूची. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर पूर्वेची काढायची, पश्चिमेची ठेवायची, नाहीतर दुपारच्या उन्हात मणी भाजतील. बगलफुटी काढा, एका काडीवर जास्तीचे घड ठेवू नका. हवा खेळली की दव लवकर सुकतं, भुरी (पांढरी बुरशी) कमी येते, फवारा घडाच्या आतपर्यंत पोचतो. मजूर लागतात, कबूल, पण जेवढा खर्च बाटल्यांवर करताय त्यातला निम्मा इकडं वळवा आणि बघा.

आता दर पाडला त्या भाऊंचं. मी विचारलं मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ पडून गोड व्हायला लागल्यावर, काय सोडलं, तर म्हणे गोडीसाठी झिरो झिरो पन्नास, म्हणजे पोटॅशचं खत, तीन वेळा, कन्सल्टंटनं सांगितलं. तिथंच चुकलं! जादा पोटॅश मण्यात जाऊन तिथलं टार्टारिक आम्ल बांधून टाकतं आणि रसाचा पीएच चढतो. त्यात खुंट (ज्याच्यावर कलम बांधतात ते मूळझाड) डॉगरिज जातीचा, तो आधीच पोटॅश जास्त ओढतो. शेनिनची किंमत तिच्या आंबटपणाला आहे, फ्रान्सच्या लॉयर खोऱ्यातली ही जात आपल्या उन्हातही आम्लता धरून ठेवते म्हणून तर वायनरीला पाहिजे, आणि तुम्ही पैसे घालून तीच घालवताय. देठ परीक्षण (पानाच्या देठाची लॅबमधली तपासणी) केल्याशिवाय पोटॅश सोडू नका, दुकानदार सांगतो म्हणून तर अजिबात सोडू नका. नुसत्या ब्रिक्सवर थांबून राहू नका, २० ते २२ ब्रिक्स, पीएच ३.२ ते ३.४ च्या आसपास असतानाच काढणी, तीही पहाटे, माल थंड असताना. गंधक काढणीच्या महिनाभर आधीच बंद करा, मण्यावर राहिलं तर वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो. नवीन लावणार असाल तर ११० आर खुंट बघा, वाढ आटोक्यात राहते.

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. त्याआधी घेतली तर परतीच्या पावसात डाऊनी (केवडा रोग) फुलोऱ्यावरच बसते, फार उशीर केला तर माल मार्चच्या उन्हात पिकतो आणि पुन्हा आम्लतेचं तेच रडगाणं. छाटणीनंतर डोळे फुटायला काडीवर लावतात ते हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग लेबलवरच्या मात्रेतच, ऊन कडक असेल तर मात्रा वाढवायची नाहीच नाही. डबल लावलं की एकसारखं फुटतं असं सांगणारे भेटतील, त्यांना जळलेला डोळा ब्लेडनं चिरून दाखवा, काडी हिरवी आणि डोळा आत तपकिरी. आणि लावणाऱ्या माणसानं आधी आणि नंतर दारूला हात लावायचा नाही, सायनामाइड आणि दारू एकत्र आले की माणूस लालबुंद होऊन कोसळतो, हे मजुरांना तोंडानं सांगा.

ड्रिपला अल्प-अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, बाकीच्यांना ७५ टक्के, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, मर्यादा ५ हेक्टर. पूर्वसंमती आली की मगच खरेदी करा, आधी बिल फाडलं तर अनुदान मिळत नाही.