‘मर्यादा’ नको, ‘सीमा’ही नको: ॲप्लिकेशनला ‘हद्द’ असते

प्रश्न असा आला आहे: फंक्शन पॉइंट मोजणी (सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला काय देतं त्यावरून त्याचा आकार मोजण्याची पद्धत) शिकवण्यासाठी मराठीत टिपण लिहिलं, त्यात ‘ॲप्लिकेशन बाउंडरी’साठी, म्हणजे सॉफ्टवेअरचं आत आणि बाहेर वेगळं करणाऱ्या कडेसाठी, ‘ॲप्लिकेशनच्या मर्यादा’ असा मथळा दिला. सहकारी म्हणतात ‘सीमा’ लिहा. बरोबर काय? सोबत एक उदाहरणही विचारलं आहे. कर्मचाऱ्यांची मूळ माहिती आस्थापना प्रणालीत ठेवली जाते आणि पगाराची प्रणाली ती नुसती वाचते. या दोघांची बाउंडरी एक की दोन?

‘मर्यादा’ आधी खोडा. हा शब्द या अर्थाने इतक्या ठिकाणी वापरलेला दिसतो की चीड येते. ‘ॲप्लिकेशनच्या मर्यादा’ वाचल्यावर कोणाही मराठी माणसाला वाटणार की हे सॉफ्टवेअर कुठे कमी पडतं याची यादी पुढे येणार. बाउंडरीचा आणि उणिवांचा काडीचा संबंध नाही. ‘व्याप्ती’ही काही जण लिहितात. तो शब्द ‘काउंटिंग स्कोप’साठी, म्हणजे एका मोजणीत काय काय धरायचं यासाठी, राखून ठेवा, कारण स्कोप आणि बाउंडरी या वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या सुधारणा-प्रकल्पाच्या व्याप्तीत तीन ॲप्लिकेशन येऊ शकतात, पण त्यामुळे त्या तिघांच्या बाउंडरी इंचभरही सरकत नाहीत. इफपग या फंक्शन पॉइंट वापरणाऱ्यांच्या, 1986 साली स्थापन झालेल्या संघटनेची मोजणी-पुस्तिका हे नियम म्हणूनच सांगते.

आता ‘सीमा’. संस्कृतप्रेमी मंडळींचा हा लाडका शब्द, आणि शब्द म्हणून सुंदर आहेच. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, त्याची फोड ‘विषीव्यति देशौ’ अशी दिली: दोन देशांमधली शिवण उसवते ती सीमा. वैयाकरण ती मान्य न करता ‘षिञ् बन्धने’ या बांधणाऱ्या धातूकडे जातात. मला यास्क पटतो, कारण त्याच्या फोडीतलं द्विवचन महत्त्वाचं आहे. सीमा म्हटली की दोन देश लागतात. ती दोघांच्या मधली रेघ असते, एकट्याची नसते. म्हणूनच आपण ‘सीमेवर’ म्हणतो. जवान सीमेवर असतो, तणाव सीमेवर असतो, सीमाप्रश्न दोन राज्यांचा असतो. ‘सीमेत’ म्हणून पाहा, जीभ अडखळते. ‘हद्द’ मात्र उलट चालते. गुन्हा ठाण्याच्या हद्दीत घडतो, घर पालिकेच्या हद्दीत येतं, ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं हवालदार सांगतो. हद्द कोणाची तरी असते आणि तिला आत-बाहेर असतं.

फंक्शन पॉइंट मोजणाऱ्याला नेमकं हेच आत-बाहेर लागतं. आयबीएममधल्या ॲलन अल्ब्रेक्ट यांनी 1979 मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा प्रोग्रामच्या ओळी मोजण्याऐवजी वापरणाऱ्याला काय मिळतं ते मोजायचं ठरवलं. त्यासाठी आधी सांगावं लागतं की सॉफ्टवेअर कुठे संपतं आणि वापरणारा कुठे सुरू होतो. वापरणारा म्हणजे फक्त माणूस नव्हे, दुसरी प्रणालीही. फायलींची वर्गवारी तर सगळी हद्दीवरच उभी आहे: जिची देखभाल आपल्या हद्दीत होते ती अंतर्गत फाइल, जी आपण वाचतो पण जिची देखभाल दुसऱ्याच्या हद्दीत होते ती बाह्य फाइल. अल्ब्रेक्टच्या मूळ मांडणीत इनपुट, आउटपुट, चौकशी आणि मास्टर फाइल असे चारच प्रकार होते. दुसऱ्याच्या हद्दीतल्या फायलीला स्वतंत्र रकाना नंतर मिळाला. हे वाक्य ‘सीमा’ घालून लिहून बघा. ‘दुसऱ्याच्या सीमेत देखभाल होणारी फाइल’ हे मराठी नाही.

आणि आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. ‘हद्द’ अरबीतून फार्सीमार्गे आपल्याकडे आला. अरबीत मूळ ‘ह-द-द’. त्याचा शेवट, कड, अडवणूक हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडून देऊ. अरबी तर्कशास्त्रात ‘हद्द’ म्हणजे व्याख्या! इब्न सीना या मध्ययुगीन तत्त्वज्ञाच्या व्याख्यांवरच्या ग्रंथाचं नावच ‘किताब अल-हुदूद’, आणि ‘हुदूद’ हे हद्दचं अनेकवचन. एखादी गोष्ट काय आहे हे सांगणं आणि ती कुठे संपते हे सांगणं ही त्या भाषेने एकच क्रिया मानली. ग्रीकमध्येही तसंच: ‘होरोस’ म्हणजे शेताच्या कडेचा दगड आणि तर्कातली संज्ञाही. इंग्रजी ‘डिफाइन’च्या पोटात लॅटिन ‘फिनिस’ आहे, म्हणजे पुन्हा शेवट, कड. तेव्हा ‘बाउंडरी डिफाइन करा’ असं कोणी म्हणतो तेव्हा तो एकच गोष्ट दोनदा सांगत असतो. मराठीला ती ‘हद्द’ या एका शब्दात मिळालेली आहे.

अरबीतल्या याच ‘ह-द-द’ मुळातून ‘हदीद’ म्हणजे लोखंड आणि ‘हद्दाद’ म्हणजे लोहार येतात. धार, तीक्ष्णपणा सांगणारा ‘हिद्दत’ही इथलाच. पण माझा जीव जडला आहे तो ‘हद्दाद’च्या दुसऱ्या अर्थावर. अरबी कोशकार तो द्वारपाल, तुरुंगाचा रखवालदार असा देतात, कारण तो अडवतो. बाउंडरीचं मोजणीतलं काम याहून नेमकं कोणी सांगितलेलं मला माहीत नाही. आत कितीही किचकट आकडेमोड होवो, द्वारपालाला तिच्याशी कर्तव्य नाही. तो पाहतो ते आत काय आलं आणि बाहेर काय गेलं. आत येऊन फाइल बदलणारी माहिती ती बाह्य इनपुट. जशीच्या तशी वाचून बाहेर दिलेली ती बाह्य चौकशी. हिशोब करून बाहेर दिलेली ते बाह्य आउटपुट. तिन्ही नावांत ‘बाह्य’ का, असं शिकाऊ मंडळी विचारतात. हद्द ओलांडल्याशिवाय त्यांची नोंदच होत नाही, म्हणून.

भाषाशुद्धीवाले इथे हरकत घेतात. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पुढे तारखेचा दिनांक झाला, मग हद्दीचे लाड कशाला? माझं उत्तर स्पष्ट आहे. जो शब्द कुळंबी आपल्या बांधावर उभा राहून वापरतो तो परका नव्हे. भूमी अभिलेख कार्यालयात आजही ‘हद्द कायम मोजणी’चा अर्ज करतात. आधी हद्द कायम, मग क्षेत्र. मोजणीचा हा क्रम आणि हे शब्द आपल्या हाताशी असताना परिभाषा घडवणाऱ्यांनी ‘अनुप्रयोग सीमांकन’ असं काहीतरी बनवावं याचा मला खरंच राग येतो. ज्यांना नुसती रेघच दाखवायची आहे त्यांच्यासाठी ‘सरहद्द’ आहे. तीही त्यांना आठवत नाही.

हद्द कुठे आखायची याचा नियम थोडक्यात: वापरणाऱ्याला जे स्वतंत्र कामाचं क्षेत्र दिसतं त्यानुसार, यंत्रांच्या मांडणीनुसार नाही. पडदा एका सर्व्हरवर आणि डेटाबेस दुसऱ्यावर म्हणून दोन हद्दी होत नाहीत. प्रोग्रामरांच्या तुकड्या वेगळ्या म्हणूनही नाहीत. ही गोष्ट सर्रास डावलली जाते, आणि ती डावलल्याने आकडा फुगतो. तुमच्या उदाहरणातली कर्मचाऱ्यांची फाइल सोप्या प्रतीची धरू. दोन हद्दी असल्या तर ती आस्थापनेत अंतर्गत म्हणून 7 गुण (म्हणजे फंक्शन पॉइंट) आणि पगारात बाह्य म्हणून 5 गुण, एकूण 12. हद्द एकच असेल तर 7, बस. त्याशिवाय दोघांमध्ये महिन्याची हजेरी पाठवली जात असेल, तर पाठवणाऱ्याकडे किमान 3 आणि घेणाऱ्याकडे किमान 3 आणखी धरले जातात. एकाच हद्दीत तीच देवाणघेवाण शून्य, कारण ती दारातून गेलीच नाही. गुणांवर पैसे ठरणाऱ्या करारात हद्द मनाला येईल तशी तोडणं म्हणजे न केलेल्या कामाचं बिल लावणं आहे.

तुमच्याकडे आस्थापना शाखा आपली प्रणाली स्वतः चालवत असेल, लेखा शाखा पगाराची, आणि एक बदलली तरी दुसरी टिकत असेल, तर हद्दी दोन. एकाच शाखेचे लोक एकाच कामाचे दोन पडदे म्हणून ती वापरत असतील तर एक. हे त्या शाखांतल्या लोकांना विचारून ठरवा, सर्व्हरच्या आकृतीवरून नव्हे.

टिपणातल्या मथळ्यात ‘ॲप्लिकेशनची हद्द’ लिहा. अनेकवचन ‘हद्दी’. आणि ‘हद’ लिहू नका. तो हिंदीचा प्रघात आहे. अरबीतला शेवटचा द दुहेरी आहे आणि मराठीने तो जपला आहे.