शनिवारचा कॉल गेला, मेडिकलची वही राहिली

प्रश्न : आम्ही सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, १९९४च्या बॅचचे. कोरोनात दर शनिवारी झूमवर भेटायचो. आता ग्रुपवर सुप्रभात आणि राजकारण एवढंच उरलंय. मध्ये पुन्हा कॉल ठरवला, तर चौघंच आले. दुसरं म्हणजे, सांगलीतला एक वर्गमित्र तेव्हापासून माझ्या आईबाबांची औषधं आणून देतो. पैसे घेत नाही. फार अवघडल्यासारखं होतं.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : चौघं आले, हे काही कमी नाही हो.

आमचाही असाच शनिवार होता. मी मेलबर्नला, बाकीचे पुणे, नाशिक, दुबई, सिंगापूर आणि एक तुमच्याच बाजूला, एडिसनमध्ये. पुण्यात संध्याकाळचे पाच म्हणजे एडिसनला सकाळचे साडेसात आणि माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ. ऑगस्ट २०२०मध्ये इथं रात्री आठनंतर संचारबंदी होती, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही. मी कुकर घासून, केस विंचरून वेळेआधीच बसायचे. फुकटातला झूम चाळीस मिनिटांनी तुटायचा, तोही नेमका कुणाचा तरी किस्सा रंगात आल्यावर. मग पुन्हा लिंक, पुन्हा ‘आवाज येतोय का?’ दुबईवाल्यानं मुलीकडून केस कापून घेतले होते, तो मान वळवायला तयार नव्हता. हॉस्टेलवर चहासुद्धा दुसऱ्याकडून करून घेणारी नाशिकची मैत्रीण, मावशी यायच्या बंद झाल्यावर, भांडी घासता घासता बोलायची.

ऑक्टोबरात आमचं घड्याळ तासभर पुढं गेलं, नोव्हेंबरात अमेरिकेचं मागं. पुण्याचे पाच ते पाचच, पण मला साडेदहा आणि एडिसनला साडेसहा. शिवाय ऑक्टोबरच्या अखेरीस मेलबर्न उघडलं. कुणी रुसलं नाही, भांडलं नाही, नुसती गळती लागली. दारं बंद होती म्हणून तो कॉल चालला. म्हणून तो तसाच पुन्हा सुरू करायच्या भानगडीत पडू नका.

आमचा ग्रुप पुन्हा जागा झाला तो एप्रिल २०२१मध्ये. नाशिकच्या मैत्रिणीच्या सासऱ्यांना ऑक्सिजनचा बेड हवा होता. भारतात रात्र झाली की एडिसनवाला फोन लावत बसायचा आणि ग्रुपवर टाकायचा : ‘इथं नाही’, ‘हा नंबर लागतो’, ‘सकाळी विचारा म्हणतात’. तिकडे पहाट व्हायच्या आत ती यादी माझ्याकडे यायची. घरच्यांना तेवढीच दोन तास झोप. चौथ्या दिवशी बेड मिळाला. त्या आठवड्यात एकदाही कुणी व्हिडिओ लावला नाही.

तेव्हा तुमचे जे चौघं आहेत, त्यांनी मिळून एक यादी करावी. कुणाचे आईवडील कुठं राहतात, जवळ कोण आहे, डॉक्टरचा नंबर काय, जादा किल्ली कुणाकडे. ही यादी मोठ्या ग्रुपवर टाकू नका, तिथं ती सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाईल. गप्पांचा कॉल वर्षातून दोनदा पुरे.

आता तुमचा मित्र. लॉकडाऊनमध्ये माझ्या आईकडेही असाच एक वर्गमित्र जायचा, कोथरूडला. आई दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून नाड्याला पिशवी बांधून खाली सोडायची, आत चिठ्ठीऐवजी गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा. हा खालून त्यांचे फोटो काढून मला पाठवायचा, ‘ही रात्रीची ना?’ म्हणून. पैशाचं नाव काढलं की फोन ठेवायचा. मी भारी चॉकलेटं पाठवली. त्याच्या बायकोचा फोन आला, “अहो, त्यांना शुगर आहे.” इतकी वर्षं मैत्री आणि मला ते माहीतच नव्हतं!

मग मी मेडिकलवाल्याशीच बोलले. आईच्या नावानं वही सुरू केली, महिनाअखेर मी परस्पर पैसे भरते. मित्राच्या खिशाला हात लागत नाही आणि आमच्यात पैशाचा विषयही निघत नाही. तुमचं एनआरओ किंवा एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथल्या बँकेतलं खातं) असेल, तर बँकेला यूपीआयचं विचारा. २०२३पासून अमेरिकेसह काही देशांतल्या मोबाइल नंबरवरही ते जोडता येतं, फक्त तुमच्या बँकेनं ती सोय दिलेली हवी.

जमीन, फ्लॅट, बँकेचे व्यवहार मात्र या मित्राच्या गळ्यात घालू नका. किल्ली देणं वेगळं, मुखत्यारपत्र वेगळं. ते नातेवाइकाच्या नावे करा. तिकडे करणार असाल तर अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा दाखला) किंवा भारतीय वकिलातीचं साक्षांकन लागेल आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागेल. वकिलाला विचारूनच करा.

राहिलं अवघडलेपण. माझ्या मित्राची मुलगी मास्टर्ससाठी मेलबर्नचाच विचार करत होती. संकोचानं तो मला बोलला नाही, मला सिंगापूरकडून कळलं. मग तीन संध्याकाळी मी तिचा अर्ज घेऊन बसले. तुमच्या मित्राच्या घरी सध्या काय चाललंय, ठाऊक आहे का? आई कशी आहे त्याची? मुलं काय करतात?

सांगलीत रविवारी सकाळी आठ वाजता फोन करा, तुमच्याकडे उन्हाळ्यात शनिवारचे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. आणि त्या दिवशी गोळ्यांचा विषय काढू नका.