भाजीच्या चवळीचं बी कोणत्या झाडाचं ठेवावं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

उन्हाळी चवळीचे तोडे संपत आले आणि खरिपाची तयारी सुरू झाली की चवळीचे प्रश्न येऊ लागतात. यंदा पुणे जिल्ह्यातूनच बरेच आले, म्हणून त्यातले निवडक एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : घरचंच बी बरीच वर्षं वापरतोय. पूर्वी शेंग लांब आणि कोवळी यायची. आता आखूड येते, दोन दिवसांत निबर होते, तोडेही कमी मिळतात. हंगाम संपताना वेलावर ज्या शेंगा राहतात त्या वाळवून बी धरतो. बी बदलावं का? (जुन्नर तालुका)

तुमच्या दुखण्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. हंगामभर जी झाडं लवकर फुलली, ज्यांना लांब, सरळ, कोवळ्या शेंगा आल्या, त्यांचा माल गुलटेकडीच्या बाजारात गेला. शेवटी वेलावर राहिलं काय? उशिरा आलेलं, पानाआड दडलेलं, आखूड म्हणून टाकलेलं. दरवर्षी चांगली झाडं विकायची आणि राहिलेल्यांची पुढची पिढी करायची, असं चाललं की वाण खाली येणारच. शिवाय हंगामाच्या शेवटी मोझॅक या विषाणूजन्य रोगाचा जोर वाढलेला असतो. चवळीतले काही मोझॅक विषाणू बियातूनही पुढच्या पिकात जातात.

त्यामुळे बी ‘शेंग’ पाहून निवडू नका, ‘झाड’ पाहून निवडा. एकाच झाडावरच्या लांब आणि आखूड शेंगांतलं बी आनुवंशिक गुणांनी जवळपास सारखंच असतं. आखूड शेंग पाण्याच्या ताणाने किंवा किडीनेही आखूड राहू शकते. सुपात ओतलेल्या ढिगातून मोठ्या शेंगा वेचून ठेवणारे पुष्कळ जण आहेत. त्यांची मेहनत बरीचशी वाया जाते, कारण ती शेंग कोणत्या झाडाची हे कळायला मार्गच उरत नाही.

कामाची सुरुवात पेरणीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात करा. पानं चुरगळलेली, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची झाडं दिसतील ती उपटा. पहिली फुलं दिसू लागली की लवकर फुललेल्या, निरोगी, पानांच्या पसाऱ्याच्या वर फुलांचे देठ काढणाऱ्या २५-३० झाडांना सुतळी बांधा. आता खरी परीक्षा शेंगेची. सकाळी उमललेल्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधा आणि बाराव्या दिवशी ती शेंग तोडा. दोन्ही टोकं धरून वाकवा. चांगली शेंग कट्‌कन मोडते आणि मोडलेल्या जागी धागा लोंबत नाही. वाईट शेंग नुसती वाकते, शिवणीचा दोरा निघतो आणि आतलं बी बाहेरून गाठीगाठींनी दिसायला लागलेलं असतं. सगळ्यांच्या शेंगा एकाच वयाला मोडून पाहिल्या की झाडाझाडांतला फरक हाताला कळतो. वाळल्यावर आणखी एक खूण मिळते. गरदार शेंग बियांभोवती सुरकुतून बसते, तर दाण्याच्या चवळीची शेंग कडक राहते आणि पिळा मारून फुटते.

या परीक्षेत उतरलेली दहा-पंधरा झाडं बियांसाठी राखा. त्यांच्या शेंगा बाजारात जाऊ देऊ नका. प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पुडीत ठेवा आणि पुढच्या हंगामात प्रत्येक पुडीची वेगळी ओळ लावा. चवळीत परागकण फूल उमलण्याआधीच सुटतात. पहाटे उमललेलं फूल दुपारपर्यंत मिटतं. त्यामुळे परपरागण क्वचितच होतं आणि झाडाची पोरं बहुतांशी झाडासारखीच निघतात. भुंग्यांची ये-जा असतेच, म्हणून दुसरा वाण निदान १० मीटर लांब ठेवा. पायाभूत बियाण्याच्या, म्हणजे ज्यापासून पुढचं बियाणं तयार करतात त्याच्या, प्रमाणीकरणातही हेच अंतर धरतात. ओळी पाहताना अख्ख्या ओळीचा अंदाज घ्या, एखाद्या देखण्या झाडावर भुलू नका. चांगल्या तीन-चार ओळींचं बी एकत्र केलं की तुमचा सुधारलेला वाण तयार झाला.

यालाही मर्यादा आहे. डेन्मार्कच्या योहान्सन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावर दाखवून दिलं, की एकाच शुद्ध झाडाच्या वंशात मोठं बी निवडा नाहीतर बारीक, पुढच्या पिढीत फरक पडत नाही. निवडीचा फायदा बियाण्यात सरमिसळ असेपर्यंतच. तुमचं बी अनेक वर्षांचं, मिसळलेलं आहे, म्हणून एक-दोन वेळा चांगला फायदा होईल. त्यानंतर गाडी थांबली तर नवा वाण आणण्यात कमीपणा नाही. तसंही यंदापासूनच एखाद्या नावाजलेल्या वाणाची एक ओळ शेजारी लावा, म्हणजे आपलं बी किती मागे आहे ते डोळ्यांना दिसेल. घरचं बी ठेवायला, एकमेकांना द्यायला, ब्रँडचं नाव न लावता विकायलाही २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तुम्हाला पूर्ण मुभा आहे.

प्रश्न : काळी जमीन, भरपूर शेणखत, दोनदा युरिया. झाडं कमरेएवढी, हिरवीगार; फुलं मात्र नावाला. वाण कोणता घ्यावा? (हवेली तालुका)

पीक माजलं आहे. आधी एक झाड मुळासकट, माती न झटकता काढा. मुळांवरच्या गाठी नखाने कापा. आतून गुलाबी-लाल असतील तर जिवाणू हवेतलं नत्र पुरवत आहेत. पांढऱ्या किंवा हिरवट असतील, किंवा गाठीच नसतील, तर ते काम बंद आहे. आयतं नत्र मिळालं की चवळी गाठी धरायचा त्रास घेत नाही. या पिकाला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद पुरतं. एकराला हिशेब केला तर साधारण २२ किलो युरिया आणि १२५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, सगळं पेरतानाच. नंतर युरियाची मूठही नको. पुढच्या वेळी १० किलो बियाण्याला चवळी गटाच्या रायझोबियम जिवाणूचं २५० ग्रॅमचं पाकीट चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी.

सध्याच्या पिकाला फुलं येईपर्यंत पाण्याची पाळी लांबवा. फुलोरा सुरू झाल्यावर मात्र ताण देऊ नका, नाहीतर आलेली फुलंही गळतील.

आता वाण. ‘पुसा फाल्गुनी’ झुडपी, फेब्रुवारी-मार्चच्या पेरणीचा; ‘पुसा बरसाती’ नावाप्रमाणे पावसाळी. हे उलटसुलट पेरले की फुलं रुसतात. ‘पुसा कोमल’ आणि ‘पुसा दोफसली’ दोन्ही हंगामांत चालतात. बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का गरिमा’ उंच वाढतो, त्याला जागा द्या. वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेचा ‘काशी कांचन’ झुडपी आहे आणि गोल्डन मोझॅकला दाद देत नाही; हा रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीचा त्रास असलेल्या गावांत मी तोच आधी सुचवेन. ‘कोकण सदाबहार’, ‘फुले पंढरी’ हे दाण्याचे वाण आहेत, भाजीसाठी घेऊ नका.

प्रश्न : गच्चीवर किराणा दुकानातली चवळी लावली. शेंगा आल्या पण भाजीत चोथा लागतो. शिवाय फुलांच्या दांड्यावर मुंग्यांची रांग असते. औषध मारू का? (सहकारनगर)

किराण्यातली चवळी दाण्यासाठीच असते. तिची शेंग फार तर दोन-चार दिवस कोवळी राहते. आहेत त्या शेंगा भरू द्या आणि ओल्या दाण्यांची उसळ करा, ती फार चांगली लागते. पुढच्या वेळी भाजीच्या झुडपी वाणाचं बी घ्या, १४ इंची कुंडीत दोन झाडं ठेवा आणि निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्या.

मुंग्यांचं म्हणाल तर लगेच औषध नको. चवळीच्या फुलदांड्यावर, फुलांच्या जोडीच्या मध्ये, बारीक मधुग्रंथी असतात आणि त्यातून गोड थेंब पाझरतो. मावा नसतानाही मुंग्या त्यासाठी येतात. आधी शेंडा आणि दांडा उलटा करून पाहा. चकचकीत काळे किडे दाटीने बसले असतील तर मात्र तो मावा आहे, आणि मुंग्या त्याची राखण करतात. पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस सकाळी मारा. राहिलाच तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. ढालकिडे (लेडीबर्ड) किंवा त्यांच्या करड्या, काटेरी अळ्या दिसल्या तर फवाराही थांबवा, त्या माव्याचा फडशा पाडतात.

आणखी एक. शेंग ओढून तोडू नका. कात्रीने किंवा नखाने शेंगेच्या बुडाशी खुडा आणि लांब दांडा शाबूत ठेवा. त्याच्या टोकाच्या जाडसर गाठींतून पुन्हा फुलं येतात. ओरबाडून तोडणारा पुढचा तोडाही त्याच वेळी तोडून टाकतो.

प्रश्न : मी कृषी पदवीधर आहे. गावच्या लांब शेंगेच्या वेलीचा आणि झुडपी वाणाचा संकर करायचा आहे. घरच्या घरी जमेल का? (पुरंदर तालुका)

जमेल, आणि तुमच्यासारख्यांनी करावंच. ‘पुसा दोफसली’ हा ‘पुसा फाल्गुनी’ आणि फिलिपिन्सच्या लांब शेंगेच्या चवळीच्या संकरातूनच आला आहे.

झुडपी झाड मादी घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उमलणारी फुगीर कळी संध्याकाळी निवडा. पाकळ्यांची शिवण टोकदार चिमट्याने अलगद उकला आणि दहाही पुंकेसर काढा. पाकळ्या परत मिटवा, दांड्याला लेबल बांधा, त्याच दांड्यावरच्या बाकीच्या कळ्या खुडा. सकाळी लवकर वेलीचं ताजं उमललेलं फूल घ्या आणि त्याचे पराग त्या कळीच्या कुक्षीला लावा. चवळी एरवीही बरीच फुलं गाळते. संकराची त्याहून जास्त गळतील, त्याने खचू नका. एक शेंग धरली तरी डझनभर बी हाती येतं.

झुडपी झाड मादी घ्यायचं कारण असं, की वेलपणा बहुधा झुडूपपणावर प्रभावी ठरतो. त्या बियातून वेल उगवली तर संकर झाला. झुडूप उगवलं तर कळीत स्वपराग राहिला होता. मादीचं फूल पांढरं आणि नराचं जांभळं असेल तर आणखी सोपं, कारण जांभळा रंग प्रभावी असतो. पहिल्या पिढीत शेंग मधल्या लांबीची, बहुधा आखूडाकडे झुकलेली येईल. तिथे निराश होऊन बी टाकू नका. दुसऱ्या पिढीत निदान २०० झाडं लावा. झुडूप आणि लांब शेंग एकत्र दिसणारी थोडीच असतील, ती धरा. पुढे जुन्नरच्या वाचकांना सांगितली तशी झाडागणिक ओळ. दर पिढीत दोन्ही पालकांच्या गुणांचा मिश्रपणा निम्मा होतो, सहाव्या पिढीत तो सुमारे ३ टक्क्यांवर येतो. आपल्याकडे खरीप आणि उन्हाळी असे दोन हंगाम मिळतात, म्हणजे संकरापासून साधारण तीन वर्षं. दोन्ही हंगामांत टिकलेली झाडंच पुढे न्या.

प्रश्न : पावसाळ्यात फुलं एकमेकांना चिकटतात, आत अळी असते. (मुळशी)

ठिपक्यांची शेंग पोखरणारी अळी, मारुका. ती फुलं-कळ्या जाळीने बांधून आत खाते, म्हणून जाळी झाल्यावर औषध पोचत नाही. कळ्या दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क, आठवड्याने अळ्या मारणाऱ्या बीटी जिवाणूची फवारणी, तीही संध्याकाळी. चिकटलेले गुच्छ हाताने काढून नष्ट करा. चवळी दर तीन-चार दिवसांनी तोडून थेट ताटात जाते. ज्या कीटकनाशकाचा तोडणीपूर्व काळ (फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे दिवस) त्याहून लांब आहे ते या पिकावर नकोच. ही अळी आफ्रिकेत इतकी छळते की नायजेरियाने २०१९ मध्ये बीटी चवळीला, म्हणजे त्याच जिवाणूचं जनुक घातलेल्या चवळीला, मंजुरी दिली. आपल्याकडे तसा वाण नाही.

प्रश्न : निवडून ठेवलेलं बी भुंगेरे पोखरतात. (शिरूर)

भुंगेऱ्याची मादी शेतातच पिकत्या शेंगेवर अंडी चिकटवते, त्यामुळे डबा कितीही घट्ट असला तरी कीड आत आलेली असते. शेंगा वाळताच तोडा, वेलावर ठेवू नका. बी दाताखाली कट्‌कन फुटेल इतकं उन्हात वाळवा, गार होऊ द्या, मग किलोला ५ मिली खाद्यतेल चोळून हवाबंद भरा. अर्धा-पाव किलोच असेल तर नीट वाळवलेलं बी घट्ट बरणीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर बरणी खोलीइतकी कोमट होईपर्यंत उघडू नका, नाहीतर बियांवर ओल धरेल. बरणीवर वाण, हंगाम आणि झाडाचा क्रमांक लिहा.