टाइम ट्रॅव्हलवरची चांगली कादंबरी कशी निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेब सिरीज बघून टाइम ट्रॅव्हलची गोडी लागली, आता एखादी कादंबरी वाचायची आहे. इंग्रजी चालेल पण जड नको, फिजिक्सचे धडे नकोत, मराठीत काही असेल तर तेही सांगा. आणि नेटवरच्या याद्या बघून डोकं चक्रावलंय. तुम्ही नागपूरचेच निघालात, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. मी धरमपेठेकडच्या एका छोट्या वाचनालयात संध्याकाळी काउंटरवर बसतो. त्यामुळे कोण कोणतं पुस्तक नेतो, यापेक्षा कोणत्या पानाला खूण अडकवून ते परत आणतो, हे मला जास्त ठाऊक असतं.

घाईत असाल तर ऑक्टेव्हिया बटलरची 'किंड्रेड' घ्या आणि माझं पुढचं पुराण सोडून द्या. पण तुम्ही 'निवडायचं कसं' असंही विचारलंय, तर माझी कसोटी एकच आहे. काळात जाण्याचं यंत्र कसं चालतं ते बघू नका, जाणाऱ्याला ते किती महागात पडतं ते बघा. फुकटात जाऊन फुकटात परत येणाऱ्या नायकाचं पुस्तक शंभराव्या पानाच्या आत परत येतं. खूण तिथेच अडकलेली असते.

आपल्याकडे हे फार जुन्या काळापासून माहीत आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजाची गोष्ट येते. मुलीसाठी, म्हणजे रेवतीसाठी, स्थळ विचारायला तो तिला घेऊन थेट ब्रह्मलोकात जातो. तिथे गाणं चाललेलं असतं, म्हणून क्षणभर थांबतो. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव हसतो आणि सांगतो, बाबा रे, तू मनात धरलेल्या स्थळांपैकी आता कोणी उरलं नाही, त्यांची मुलंनातवंडंही नाहीत, खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. रेवतीचं लग्न पुढे बलरामाशी होतं. पण एका गाण्यापायी राजाच्या ओळखीचं सगळं जग गेलं ते गेलंच. यात यंत्राबद्दल अवाक्षर नाही आणि ऐकणाऱ्याला ते खटकतही नाही.

'किंड्रेड'मध्येही यंत्र नाही. कादंबरी १९७९ ची. डाना ही काळी लेखिका १९७६ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये नव्या घरात पुस्तकं लावत असते. चक्कर येते आणि डोळे उघडतात ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मेरीलँडमध्ये, एका नदीच्या काठी. एक गोरा पोरगा बुडतोय. ती त्याला वाचवते. हळूहळू उलगडतं की हा रूफस गुलाम बाळगणाऱ्या मळेवाल्याचा मुलगा आहे आणि तिचा स्वतःचा पूर्वजही आहे. नियम दोनच. त्याच्या जिवावर बेतलं की ती तिकडे ओढली जाते, आणि तिला स्वतःच्या मरणाची खात्री वाटली की इकडे परत येते. आता बघा पेच कसा घातलाय: पोरगा मोठा होत जातो तसा बापाच्या वळणावर जातो, पण त्याला मूल होण्याआधी तो मेला तर डानाचा वंशच उरत नाही. म्हणजे ज्याचा जीव घ्यावासा वाटतो त्याचाच जीव दर वेळी वाचवायचा. शेवटच्या फेरीत आपला हात गेला, हे ती पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. मग तो कसा गेला, यासाठी आपण वाचत राहतो.

एका फेरीत तिचा नवरा तिला धरून ठेवतो आणि तोही सोबत ओढला जातो. तो गोरा आहे. एकाच घरात, एकाच काळात दोघं उतरतात, पण त्याला मालकाच्या टेबलावर जेवायला बसवतात आणि तिची जागा चुलीपाशी. त्या काळात वावरणं त्याला जमूनही जातं, आणि डानाला नेमकी त्याचीच धास्ती वाटते. वजन जन्मावरून ठरवणारी व्यवस्था म्हणजे काय, हे दीक्षाभूमीच्या गावात कोणाला समजावून सांगायची गरज नाही, म्हणून असेल, हे पुस्तक आमच्याकडे अर्धवट परत येत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी ते काउंटरवर ठेवता ठेवता म्हणाली, "सर, यात मशीनच नाही आहे ना. पण मशीनचं कामच नाही पडलं." भाषा सोपी आहे, वाक्यं छोटी आहेत. मजकूर मात्र हलका नाही. चाबूक आहे, विक्री आहे. घरात आजारपण वगैरे चालू असेल तर थोडं थांबा.

जाड पुस्तकाची भीती नसेल तर स्टीफन किंगची '११/२२/६३' घ्या. २०११ साली आली. केनेडींच्या खुनाची तारीख आहे ती, अमेरिकन पद्धतीने महिना आधी. एका साध्या हॉटेलच्या कोठीत अदृश्य पायऱ्या आहेत आणि त्या उतरलं की दर वेळी ९ सप्टेंबर १९५८ चीच सकाळ लागते. तिकडे वर्षानुवर्षं राहा, इकडे दोनच मिनिटं गेलेली असतात. पुन्हा उतरलात की मागच्या फेरीत केलेलं सगळं पुसलं जातं. मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्या हॉटेलवाल्याचे बर्गर. गावात दुसऱ्या कोणालाच विकायला परवडणार नाही इतके स्वस्त, त्यामुळे लोकांना भलतेसलते संशय. प्रत्यक्षात तो गडी दर वेळी खाली उतरून १९५८ च्या भावात तेच ते मांस पुन्हा पुन्हा विकत आणत असतो! काळाच्या दाराचा असा वापर शास्त्रज्ञाला सुचणार नाही, धंदेवाल्यालाच सुचेल. पण काल धडधाकट दिसलेला हाच माणूस एका रात्रीत खंगून समोर येतो, कारण आपली ती दोन मिनिटं त्याने तिकडे काही वर्षं काढून भरलेली असतात.

केनेडींचा खून टाळायला नायकाला १९५८ मध्ये उतरून १९६३ पर्यंत थांबायचं आहे, म्हणजे पाच वर्षं नोकरी, घर, शेजार, प्रेम, सगळं. मधली काही शे पानं खून बाजूलाच राहतो. कोणाला हा भाग रटाळ वाटतो, मला तोच खरा वाटतो. आमचे एक निवृत्त काका मुदत वाढवून वाढवून ते वाचत होते. शेवटी म्हणाले, "मी पुस्तक वाचून राहिलो का तिकडे भाड्यानं राहून राहिलो, काही समजून नाही राहिलं." किंगसाठी यापेक्षा चांगली पावती नसावी.

कॉनी विलिसच्या 'डूम्सडे बुक'ला (१९९२) धीर लागतो. २०५४ सालच्या ऑक्सफर्डमधली इतिहासाची विद्यार्थिनी अभ्यासासाठी १३२० मध्ये जायला निघते आणि पोहोचते १३४८ मध्ये, ऐन प्लेगात. इकडे ऑक्सफर्डमध्येही साथ आलेली, त्यामुळे तिला परत आणायचं कोणी, हा गोंधळ. सुरुवातीची दीडदोनशे पानं माणसं नुसती एकमेकांना फोन लावत फिरतात, आणि मोबाइल नाहीत. तिथे बरेच लोक सोडतात. पण विलगीकरण, अडकलेले पाहुणे, संपत आलेला टॉयलेट पेपर आणि त्यावरून चाललेली कुरकुर हे १९९२ च्या पुस्तकात वाचताना २०२० आठवल्याशिवाय राहत नाही.

एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' (१८९५) सगळ्या याद्यांत पहिली असते. त्यामुळेच लोक ती मान द्यायला म्हणून वाचतात आणि कंटाळतात. इंग्रजी थोडं जुनं आहे, पण पानं शंभराच्या आसपास. ८,०२,७०१ या सालात माणसाच्या दोन जाती झालेल्या: वर उन्हात नाजूक, निरुद्योगी एलॉय, खाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक. मालक-मजूर भेद ताणत नेला तर कुठे पोहोचेल, याचा तो हिशोब आहे. परत आलेला प्रवासी पाहुण्यांसमोर येतो तेव्हा अंगभर धूळ, पायांत फाटके रक्ताळलेले मोजे, आणि आल्या आल्या सांगतो काय, तर माझ्यासाठी थोडं मटण ठेवा. सावजीवर वाढलेल्या माणसाला तो तिथेच आपला वाटायला हरकत नाही.

आता मराठी. या विषयावर आपल्याकडे कादंबऱ्यांपेक्षा कथांनी जास्त काम केलंय, आणि सुरुवात जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'पासून करावी. 'यक्षांची देणगी' या संग्रहात आहे. सीबीएसईच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात हीच कथा 'द ॲडव्हेंचर' नावाने आहे, घरात त्या वयाचं कोणी असेल तर विचारा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर भलत्याच भारतात जाऊन पडतात. तिथे १७६१ च्या पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी हुकलेली आहे आणि तिथून पुढचा सगळा इतिहास वेगळा झालेला आहे. काटेकोर बोलायचं तर हा काळातला प्रवास नव्हे, समांतर जगातला आहे. पण मुलाला शोधत मुंबईच्या कचेरीत गेलेल्या पंतांना त्या नावाचा कोणी माणूसच इथे नाही असं कळतं, तेव्हा माझी कसोटी ती कथा पास होते. मराठे जिंकले याचा आनंद आणि आपला पोरगा जन्मलाच नाही हे कळणं, दोन्ही एकाच दुपारी.

ही कथा वाचून नागपूरकराच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप येतो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि कंपनीचं सैन्य लढलं. धाकटी टेकडी भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांनी घेतली होती. तिथे दारूगोळ्याची गाडी उडाली, धावपळ झाली आणि इंग्रजांनी टेकडी परत घेतली, अशी नोंद आहे. ती गाडी उडाली नसती तर? यावर कोणीतरी नागपूरकराने कादंबरी लिहायला हवी. बर्डीवर मेट्रो बदलताना समोर किल्ला दिसतो तेव्हा हे दर वेळी डोक्यात येतं. लिहिणारा सापडला तर पहिली प्रत मी घेईन.

बाकीचं झटपट. तोशिकाझू कावागुची यांची कॉफीहाउसची मालिका ('बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड') सध्या कॉलेजची मुलं भरपूर नेतात. इंग्रजी अनुवाद अगदी सोपा आहे, काहीही केलं तरी वर्तमान बदलत नाही हा नियम छान आहे, पण तेच नियम प्रत्येक भागात पुन्हा ऐकावे लागतात. पहिलं पुस्तक पुरे. 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' प्रेमकथा म्हणून वाचा. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर तारीख आणि दोघांची वयं दिलेली असतात, ती वाचल्याशिवाय पुढे गेलात की हरवलात. निव्वळ कोडं हवं असेल तर असिमोवची 'द एंड ऑफ इटर्निटी' (१९५५). तिथली माणसं मात्र मला पुठ्ठ्याची वाटतात.

दुकानात उभ्या उभ्या पारख करायची तर मागचं कव्हर वाचू नका, तिथे सगळ्यांचीच स्तुती असते. पहिली वीसेक पानं वाचा. तेवढ्यात कोणाचं काही पणाला लागलं नसेल आणि लेखक अजून यंत्राच्या तरफा समजावत असेल, तर ठेवून द्या. वेल्सचं पुस्तक प्रताधिकारमुक्त आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळतं, त्यावर पैसे घालवू नका. 'किंड्रेड' छापील घ्या. आणि मे महिन्यात कुलरसमोर आडवं पडून वाचायचा बेत असेल तर किंग फोनवर किंवा किंडलवर घ्या, आठशेच्या वर पानं आहेत, डुलकी लागली की नाकावर आपटतं.